धडधाकट बाईला चाकांची खुर्ची

लेकीचं पहिलं बाळंतपण अमेरिकेत व्हायचं होतं आणि त्यासाठी मी तिकडे जायचं, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. तिला सासू नव्हती. जावईबापू सकाळी कामाला गेले की संध्याकाळी यायचे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिला येणं जमत नव्हतं. मग माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे मी, डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा.

पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. घरात फोन नुकताच आला होता. रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा आणि विमानाचं बोलणं व्हायचं. मुंबई ते लंडन मला सोबत होती. नारायणगावचे एक नवरा-बायको लंडनला मुलाकडे चालले होते. ते तिथून मुलाच्या घरी जाणार. लंडनहून वॉशिंग्टनचं दुसरं विमान मात्र मी एकटीने गाठायचं, मधला सगळा समुद्र एकटीने ओलांडायचा. लेक म्हणाली, दुपारी निघशील आणि इतके तास उडूनही त्याच दिवशी उजेडी इथे उतरशील. ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, पण त्याची भीती वाटली नाही. भीती विमान बदलायची होती.

"एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं असतं, आई. पण तू काळजी करू नकोस. मी तिकिटात तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगितलीय."

"ती काय असती?"

"चाकांची खुर्ची. दवाखान्यात असते ना, तसली. तिथला माणूस तुला बसवून थेट विमानाच्या दारात नेतो."

आदल्याच दिवशी मी बटाट्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या होत्या. मान अजून अवघडलेली होती. मला वाटलं, ती चेष्टा करतेय.

"अगं, मी काय लुळी झाले का? पाय धड हायेत माझे."

ती हळूच म्हणाली, "तुला चालता येत नाही म्हणून नाही गं. तुला विचारता येत नाही म्हणून."

कानफटात बसावी तसं झालं. बोलली ते खोटं नव्हतं. मंचरच्या दुकानात मी ह्यांच्या मागे उभी राहते. काय पाहिजे ते ह्यांना सांगते, हे दुकानदाराला सांगतात. लेक हे लहानपणापासून बघत आली. पण तिने ते असं धरलं असेल, माझं न बोलणं म्हणजे पाय नसणंच, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"खुर्ची काढून टाक," मी म्हणाले, "न्हाईतर मी येत न्हाई." आणि फोन ठेवला.

जाऊबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी माझ्या तोंडचं 'लुळी' आणि 'खुर्ची' तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बाया माझा गुडघा बघायला आल्या.

"गुडघं गेलं व्हय गं? कालपतुर तर बरी व्हतीस."

"निरगुडीचा पाला गरम करून बांध, लई गुण येतो."

"आन् गेलं तर गेलं," जाऊबाई म्हणाल्या. "इमानात बसायला पाय कशाला लागत्यात? बूड असलं म्हंजी झालं!"

सगळ्या हसल्या. मी चुलीपाशी जाऊन बसले.

ह्यांनी वेगळाच मार्ग काढला. म्हणाले, "विचारायला शीक. चल मंचरला. स्टँडवर तुला सोडतो. समज, हेच लंडन. घोडेगावची गाडी विचारून काढायची आन् एकटीनं घरला यायचं." हे समोरच्या रसवंतीत बसले. मी स्टँडवर गेले, गाडीचा बोर्ड वाचला आणि आत जाऊन बसले. मला बरं वाटलं. तेवढ्यात हे खिडकीखाली आले.

"उतर खाली. बोर्ड कुणी वाचायला सांगितला व्हता? लंडनला मराठीत बोर्ड लावणार हायेत का? विचारायचं!"

उतरले. ती गाडी गेली. चौकशीच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिले. आतला माणूस म्हणाला, "बोला मावशी."

शब्द तयार होते. घोडेगावची गाडी कुठं लागती, एवढंच. पण मी पदराचं टोक चावत त्याच्याकडे नुसती बघत राहिले. मागे माणसं जमली.

"अवो मावशी, बोला की! गाडी निघाली आमची."

"थांब राव, मुकी दिसती ती."

कांद्याची रिकामी पोती काखेत धरलेल्या एका बाईने माझा हात धरला. बहिऱ्याशी बोलतात तशी मोठ्याने, तोंडासमोर हात नाचवत विचारू लागली, "जुन्नर? भीमाशंकर? घोडेगाव?" घोडेगावला मी मान हलवली. तिने मला धरून गाडीत नेलं, खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "हिला घोडेगावला उतरवा, बोलता येत न्हाई बिचारीला."

तेव्हा मी बोलू शकले असते. पण सगळे इतक्या मायेने बघत होते की आता बोलले तर लबाड ठरेन असं वाटलं. घोडेगावपर्यंत मुकीच राहिले. माझ्याच तालुक्यात, माझ्याच भाषेत, मी मुकी ठरले होते. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. माझ्याकडे बघून लोकांना ते सरळ दिसलं होतं.

हे मोटरसायकलवरून पुढे येऊन थांबले होते. सगळं ऐकून हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत.

"पोचलीस ना पण," एवढंच म्हणाले.

रविवारी लेकीचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाली, "आई, तू खरंच येणार नसशील तर आत्ताच सांग. मी मनाची तयारी करते." जिना चढून आल्यावर लागते तशी तिला धाप लागत होती, आणि ती तर बसूनच बोलत होती.

"खुर्ची असू दे," मी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"एवढंच बघ, ढकलायला बाईमाणूस सांग."

"ते आपल्या हातात नसतं गं. बाई येईल नाहीतर पुरुष."

ह्यांच्या आणि भावाच्या गाडीशिवाय मी कुणा पुरुषाच्या गाडीवर कधी बसले नव्हते. आता परक्या देशात परका माणूस पाठीशी उभा राहून मला लोटत नेणार. फोनमधून तिची धाप ऐकू येत होती.

"कुणीबी ढकलू दे," मी म्हणाले. "तू तिकीट पक्कं कर. फकस्त त्याला आधीच सांगून ठेव, मला काई विचारू नको म्हणावं."