वजन होईपर्यंत दम धर

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या हातून लई मोठी चूक झाली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून इथं लिहितेय.

आज अंगणवाडीत लेकरांची वजनं होती. माझी परी चार वर्षांची, अंगानं बारीक. मागच्या वेळी तिचं वजन कमी भरलं, तेव्हा सासूबाई चार बायकांत म्हणाल्या होत्या, "पोरीला खायला घालतीस का न्हाईस?" ते मनात सलत होतं.

म्हणून आज निघताना तिला बळंच दोन केळी चारली, वर दोन पेले पाणी पाजलं. वाटेत ती म्हणाली, "आई, शू आली." मी म्हटलं, "वजन होईपर्यंत दम धर."

तिथं रांग मोठी. लेकरानं फ्रॉक मुठीत आवळून दम धरला. नंबर आला, काट्यावर उभी राहिली आणि तिथंच तिची शू झाली. बाकीची पोरं हसायला लागली.

अंगणवाडीच्या ताईंनी तिला पुसलं, तेव्हा केळी आणि पाण्याचं परीनंच त्यांना सांगून टाकलं. मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, ही काय परीक्षा हाय व्हय? खरं वजन कळलं तरच पोरीला काय कमी पडतंय ते कळंल ना."

माझी मान वर होईना. मला कुणी बोलू नये म्हणून मी पोरीला चारचौघांत रडवलं.

घरी येताना कडेवर हुंदके देत तिनं एकच विचारलं. तुम्ही काय सांगितलं असतं?

"आई, माझं वजन सांडलं का गं?"