अन्सामावशींच्या गिरणीतली कॅसेट

अन्सामावशींना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गिरणीत एक लोखंडी खुर्ची होती, पण तिच्यावर डिझेलचा डबा बसायचा. मावशी उभ्या. उजवा हात पिठाच्या धारेत. अंगठ्यानं बोटावर पीठ चोळून बारीक पडतंय की भरड ते बघत. डावा हात जवळच्या पत्र्याच्या डब्यावर ताल धरून. आणि पाय! या पायावरून त्या पायावर, त्यावरून परत यावर, दिवसभर. पिठानं भुवयांसकट पांढरी झालेली पन्नाशीची बाई अशी झुलताना बघून नव्या माणसाला वाटायचं, बाईंना तातडीनं कुठंतरी निघायचंय. कुणी तसं विचारलंच तर म्हणायच्या, "कुठं जायचं न्हाई बाबा. पायालाच थांबायला येत न्हाई, त्याला मी काय करू?"

परभणीहून झरीला जाताना रस्त्यापासून आत आमचं गाव, आणि गावात ही एकुलती एक गिरणी. मावशींचे मालक तरुणपणीच गेले. मागं डिझेलचं इंजिन, लांबलचक पट्टा आणि दगडी जातं एवढं राहिलं. मावशींनी ते असं चालवलं, की झरीच्या गिरणीवाल्यानं आमच्या गावाकडं आशेनं बघणंच सोडून दिलं. इंजिन पुकपुकायचं, आणि पट्ट्याचा सांधा फिरून चाकावर आला की टप्प वाजायचं. पुक पुक पुक टप्प. गावातली लेकरं या तालावर निजायची आणि कुत्री त्यावर चालायची.

मावशींना भीती एकाच गोष्टीची होती: जातं रिकामं फिरण्याची. एकाचं दळण संपत आलं की दुसऱ्याचा डबा वरच्या पेटीत रिता झालाच पाहिजे. "ओत, जल्दी ओत! मधी दाणा न्हाई राहिला की दगड दगडाला खातोय," असं त्या ओरडायच्या, आणि चांगले मिशाळ गडी घाईनं डबे उचलायचे.

रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची. डबा ठेवला की नंबर लागला. माणूस मग गावभर हिंडो. आणि एकाच्या दळणातलं मूठभर पीठ जात्यात राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. हे मूठभर पीठ ध्यानात ठेवा. पुढं सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

पण आधी गाणं. मावशींचा भाचा आखातात नोकरीला होता. एकदा सुट्टीवर येताना त्यानं मावशीसाठी टेपरेकॉर्डर आणला, आणि त्याच्या पोटात विसरून राहिलेली एक कॅसेट. वेष्टन हरवलेलं, वरचा कागद अर्धा फाटलेला. गाणाऱ्याचं नाव नाही. लावून बघतो तर आत गाणाराही नाही. नुसती यंत्रं. एक ठोका, त्यावर दुसरा, खालून काहीतरी घुमणारं, वरून टिटवीसारखी किंचाळी, आणि हे सगळं मिळून माणसाला जागेवर उभं राहू न देणारं. ही कॅसेट जगात फार मोठी मानतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आम्ही तिला इंजिनाची कॅसेट म्हणायचो.

मावशींनी ती पहिल्यांदा ऐकली आणि तोंड वाकडं केलं. गाणं आवडलं होतं. पण ते इंजिनाच्या पुढं पळत होतं. दोन ताल एका छपराखाली नांदेनात. "ह्याला जरा लगाम लावावा लागतोय," असं म्हणून त्यांनी टेप उघडला, आतला नाजूक रबरी पट्टा काढला आणि सायकलच्या ट्यूबची कातरलेली कडी तिथं चढवली. ती जमेना म्हणून दुसरी, मग तिसरी. शेवटी गाणं असं सावकाश झालं, की त्याचा ठोका बरोब्बर पट्ट्याच्या टप्पवर पडायला लागला. टिटवीचा आवाज मात्र सर्दी झाल्यासारखा घोगरा झाला. "आता कसं," मावशी म्हणाल्या, "आता हे आपल्यातलं झालं." मग टेप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी खिळ्याला टांगला.

गावाला वेड लागलं. गाण्यांना नावं नव्हती, ती आम्ही दिली. एक 'मोटारपंप', एक 'उसाचा ट्रॅक्टर', शेवटचं 'टिटवी'. 'मोटारपंपा'त ठोका मध्येच नाहीसा होतो. तेवढा वेळ गिरणीतला माणूस न् माणूस श्वास धरून उभा, आणि ठोका परत पडला की सगळ्यांच्या माना एकदम खाली. भीमनगरची गयाबाई 'टिटवी'ची रसिक. मावशींच्याच वयाची, दुसऱ्याच्या रानात राबणारी, पण मान अशी ताठ की डोक्यावरचा डबा हलायचा नाही. दळण झालं तरी टिटवी ओरडल्याशिवाय ती निघायची नाही. आणि मावशींचं परीक्षण ठरलेलं: "ह्यात कुणी रडत न्हाई, कुणी कुणाला शिकवत न्हाई. नुसतं चालायलंय. लय बेस."

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणणारे आणि बदलू नये म्हणणारे अशी गावं उभी चिरली होती. गाणं लागलं की ते कुणाचं, हे आधी ठरायचं. वरच्या आळीला भीमगीत खपेना. मग भीमनगरनं म्हटलं, आमचं नको तर तुमचं भजनही नको. लोकांनी लावायला आणून दिलेल्या बाकीच्या सगळ्या कॅसेटी मावशींनी ट्रंकेत घालून कुलूप लावलं. उरली ही एकटी. तिच्यात शब्दच नव्हते, भांडणार कशाशी?

तर लोक पिठाशी भांडले. एका सकाळी वरच्या आळीची चार-पाच वजनदार माणसं गिरणीत आली. पुढं माझे वडील, अण्णा. म्हणणं असं, की भीमनगरचं दळण सगळ्यांच्या शेवटी, दिवस मावळताना व्हावं. त्यांचं मूठभर पीठ आमच्या डब्यात नको. नाहीतर आमचे डबे झरीला जातील.

गयाबाई रांगेतच होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "आमी कामून सरकावं?" ती म्हणाली. "आमचा नंबर हाय. ज्याला वास येतोय त्यानं नाक उचलून झरीला जावं."

मावशी काही सुधारक नव्हत्या. गयाबाईच्या घरचं पाणी त्यांनी तोवर घेतलेलं नव्हतं, आणि नामांतराचं विचारलं तर त्या पिठाकडं बघायच्या. पण रांग त्यांची होती. "अण्णा," त्या म्हणाल्या, "नंबर मी लावत न्हाई. जो आधी डबा ठेवतोय त्यो लावतोय. तुमी जरा लवकर उठत जा की."

दुसऱ्या दिवसापासून निम्मे डबे गायब. आता निम्म्या गावाच्या दळणावर इंजिन चालत नाही. गिरणी बंद पडली की भीमनगरलाही झरीच गाठावी लागणार, म्हणजे अण्णांचं काम आपसूक होणार. हे अण्णांना कळत होतं आणि मावशींनाही. दुपारी जातं बंद ठेवावं लागायचं. मग मावशी या पायावरून त्या पायावर करत दारात, आणि गयाबाई शेजारी. त्या रिकाम्या दुपारीच मी मावशींना गयाबाईच्या डबीतली मिश्री चिमटीनं घेताना पाहिलं. दोघींपैकी कुणीच त्याचा गाजावाजा केला नाही.

मी कुठून पाहिलं? तर समोरच्या शिंप्याच्या ओट्यावरून. सायकलवर दळण घेऊन झरीला जायची कामगिरी आम्हा कॉलेजातल्या पोरांवर आली होती. जाऊन यायचं, पीठ घरात टाकायचं आणि ओट्यावर बसायचं. कारण दळण झरीला नेता येत होतं, कॅसेट नेता येत नव्हती. 'मोटारपंप' लागला की ओट्यावर सात-आठ पाय हलायचे. बहिष्कार टाकलेले पाय. मावशी चार दिवस बघत राहिल्या. पाचव्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "दळण झरीला आन पाय हितं का रे? फुकटात?" आणि आत जाऊन त्यांनी टेप बंद केला.

नुसतं पुक पुक टप्प राहिलं. तुम्हाला वाटेल, बरं झालं, शांतता. अहो, ती शांतता नव्हती, खाज होती! टप्प झालं की वर काहीतरी पडायला हवं आणि पडत नाही. आमचा एक मित्र जेवताना ताटावर बोटं आपटायला लागला. मला कॉलेजात व्याख्यान सुरू असताना टिटवीची वाट बघितल्यासारखं व्हायचं. ओट्यावर बसवेना, घरी थांबवेना. झरीच्या गिरणीत रेडिओ होता, पण त्यावर मान खाली जाईना.

शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं. दळण घेऊन झरीच्या दिशेनं निघायचं, नाल्याच्या अंगानं वळायचं आणि गिरणीच्या मागच्या दारात यायचं. तसे आलो. घामाघूम. मी दार वाजवलं. मावशींनी उघडलं, आमच्याकडं बघितलं, सायकलींकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या. मग एकाएकी हसू पुसून म्हणाल्या, "हितून न्हाई. रांग पुढं हाय."

पुढं म्हणजे भर चौक. समोर शिंपी, पलीकडं पार, पारावर अण्णांचे दोस्त. माझे दोन्ही मित्र सायकलींशी खेळायला लागले. मी डबा उचलला आणि वळसा घालून पुढं आलो. रांगेत शेवटचा डबा गयाबाईचा. पारावरच्या माना इकडं वळल्या. मी माझा डबा तिच्या डब्याला टेकवून ठेवला. पत्र्याला पत्रा लागला तेवढा आवाज झाला.

गयाबाईनं खालून वरपर्यंत मला बघितलं. "लवकर उठलास रं," ती म्हणाली.

तिचं दळण संपत आलं तशा मावशी ओरडल्या, "ओत, जल्दी ओत!" मी ओतलं. मूठभर पीठ मूठभर पिठात गेलं. जातं क्षणभरही रिकामं फिरलं नाही. तेव्हा कुठं मावशींनी पिठाळ हात लुगड्याला पुसला आणि टेपचं बटण दाबलं. मागून एक डबा टेकला, मग अजून एक. मित्रांना चाल सापडली होती.

त्या रात्रीच्या जेवणात अण्णांनी भाकरी मोडली, एक घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं. पारावरून बातमी त्यांच्याआधी घरी आलेली. आई चुलीत फुंकत राहिली. अण्णा बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "झरीचं पीठ सुधारलं म्हणायचं," आणि दुसरी भाकरी मागितली. गिरणीची पायरी त्यांनी पुढं कधी चढली नाही. पीठ मात्र शेवटपर्यंत खाल्लं. बाकीच्या घरांतही झरीचं पीठ महिनाभरात असंच सुधारलं.

मावशी गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या गेल्या त्या दिवशी गाव सकाळी उठलं ते काहीतरी चुकल्यासारखं. टप्प वाजत नव्हतं. पुढं विजेची गिरणी आली, ती गुणगुणते फक्त. टेप भाच्यानं नेला.

परवा पुण्यात पुतण्याकडं गेलो होतो. त्याचे मित्र जमले होते, कुठलीशी थोर जुनी कॅसेट मान देऊन ऐकायला. संगणकावर गाणं सुरू झालं आणि मी खुर्चीतून उठलोच. 'मोटारपंप'! पण पळत होता, मागं कुत्रं लागल्यासारखा. मी म्हणालो, हे चुकलंय, फार जोरात चाललंय. सगळे हसले. पुतण्या समजुतीच्या सुरात म्हणाला, काका, मूळ असंच आहे. मी म्हणालो, मूळ असेल, बरोबर नाही. हळू कर. त्यानं माझं मन राखायला वेग कमी केला. अजून, म्हटलं. अजून थोडं. टिटवीला सर्दी होऊ दे.

"बस. इथं."

अंग या पायावरून त्या पायावर जायला लागलं. मी डोळे मिटले. माझ्या पुढं गयाबाईचा डबा होता, आणि माझा नंबर यायला अजून अवकाश होता.