हातवाले चाचांची वायफाय शेगडी

पेटत्या निखाऱ्यांवर चार बोटं उंच तळहात धरायचा आणि शांतपणे आकडे मोजायचे, अशी हातवाले चाचांच्या धंद्याची रोजची सुरुवात असायची. तीन म्हणेपर्यंत हात मागं घ्यावा लागला तर कबाबाची सीख लावायची. पाचपर्यंत टिकला तर कलेजी. "आन् आठपर्यंत गेला," चाचा म्हणायचे, "तर चहाचं आधण ठेवा आन् घरी जा." कंधारच्या बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची टपरी होती आणि तिला खेटून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दहा वर्षं मी तो हात रोज पाहिला. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डालाच ठाऊक असावं. गाव त्यांना हातवाले चाचाच म्हणायचं.

गिऱ्हाइकाची घाई त्यांना अजिबात खपायची नाही. "घाई असंल तर बिस्कीट खा. आगीला घाई कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा एक साहेब इंजिन चालू ठेवून गाडीतूनच हॉर्न वाजवत बसले होते. चाचा उठले, खिडकीतून हात घालून त्यांनी गाडीची किल्ली फिरवली आणि म्हणाले, "पेट्रोल जळून राहिलं साहेब, कबाब अजून कच्चा हाय." साहेब मुकाट्यानं खाली उतरले आणि बाकावर बसले. पुढं ते दर आठवड्याला यायला लागले.

मी याच्या अगदी उलटा. फोन उघडला की स्क्रू परत बसेल का याची काळजी, बसला की फोन सुरू होईल का याची. लोह्याकडं आमची शेती, म्हणून चाचा मला पाटील म्हणायचे. बाकी माझ्यात पाटलासारखं काही नाही. माझा चेहरा पाहिला की ते टपरीतूनच म्हणायचे, "पाटील, फिकर तू कर, कबाब मी करतो. कामं वाटून घेऊ." आणि मी खरंच दोघांच्या वाटची फिकर करायचो.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र चाचांची कुरकुर सुरू झाली. कोळसा खराब येऊन राहिला, म्हणायचे. हात धरायचे, तर सात, आठ, कधी नऊपर्यंत जायचे आणि आणखी कोळसा टाकायचे. कबाब वरून करपायचे, आत कच्चे. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलायचं नाही, पण परत यायचं नाही. कोळसेवाले रघुनाथअण्णा त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांच्याशी चाचा भर रस्त्यात भांडले, "बाभळीच्या नावाखाली काय विकून राहिला तू?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मग चाचांनी जळकोटकडून कोळसा मागवला. तोही खराब निघाला. मीही मानलं की हल्ली कोळशातच काही राम राहिला नाही. चाचांचा हात चुकेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

थंडी सुरू झाली आणि त्यांच्या मुलानं, सलीमनं, सौदीतल्या दम्मामहून कार्गोनं एक शेगडी पाठवली. तो तिथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. शेगडी काळी, घुमटासारखं झाकण, खाली वारा घालायला छोटा पंखा आणि आत वायरीच्या टोकाला एक सुई. सुईला लागलेली उष्णता वायफायवरून मोबाइलवर दिसणार, आणि मोबाइलवर आकडा ठरवून दिला की पंखा आग तेवढीच ठेवणार. चाचांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. "शेगडीला वायफाय कशाला? ती कुणाला फोन लावणार हाय?"

त्याच संध्याकाळी सलीमचा मला फोन. "दादा, अब्बाच्या तळहातावर फोड दिसला व्हिडिओत. विचारलं तर तेल उडालं म्हणतात. मला काय पटंना. येवढी शेगडी जोडून द्या, म्हंजे कितीवर चालू हाय ते मला इथून दिसंल. रविवारी लोह्याला चुलतभावाचा वलिमा हाय. दोनशे माणसाचे कबाब अब्बाच करणार, ऐकायचे न्हाईत. त्याच्या आत जोडा." वलिमा म्हणजे लग्नानंतर नवऱ्या मुलाकडची मेजवानी. पुतण्याचा वलिमा आपल्या हातचा व्हावा, याची चाचांना केवढी हौस, हे मला ठाऊक होतं. महिनाभर ते दुसरं बोलतच नव्हते. फोन ठेवून मी बोटांवर दिवस मोजले. दिवस मंगळवारचा होता.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या अंगणात पत्र्याखाली शेगडी मांडली, चाचींच्या फोनमध्ये तिचं ॲप टाकलं. शेगडीवरचा निळा दिवा लुकलुकायचा, ॲप चक्र फिरवायचं आणि सांगायचं, जोडणी झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी अकरा वेळा प्रयत्न केला. पासवर्ड बरोबर, फोन बरोबर, फक्त नेटची एक काडी यायची आणि जायची. चाचा खाटेवर बसून गंमत बघत होते. "पाटील, तिला विचार, रुसली का?" शेवटी मी चाचींना विचारलं, वायफायचा डबा कुठं लावलाय? चाची म्हणाल्या, "पेटी में है."

पलंगाखाली लोखंडी पेटी. पेटीला मागून भोक पाडून आत वायरी नेलेल्या, आणि आत गोधडीच्या घडीवर वायफायचा डबा, वर चाचींनी शिवलेला मखमली गिलाफ. आदल्या साली शेजारी वीज पडून यांचा टीव्ही जळाला होता, म्हणून ही व्यवस्था. सलीमच्या फोनची वेळ झाली की चाची झाकण उघडायच्या. बोलणं संपलं की झाकण लावून वर उशा रचायच्या. मी कपाळावर हात मारून घेतला. लोखंडाच्या पेटीतून नेट बाहेर कसं येणार, हे समजावता समजावता चहाचे दोन कप झाले. "बिजली गिरी तो तू देगा क्या?" त्यांनी विचारलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. अखेर डबा खिडकीत ठेवायला त्या कबूल झाल्या, पण प्लगवर हात ठेवून स्वतः शेजारी बसणार, या अटीवर.

तरीही जोडणी होईना. घरी जाऊन मी अर्धी रात्र तळमळत काढली. सकाळी लक्षात आलं की वायफायचा डबा दोन तऱ्हेचं नेट सोडतो, एक वेगाचं पण जवळपास पुरणारं, दुसरं सावकाश पण लांब जाणारं. असल्या यंत्रांना फक्त ते दुसरं चालतं. गुरुवारी दुपारी मी पहिलं बंद केलं आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. मोबाइलवर आकडा उमटला, एकतीस. मला इतकं हायसं वाटलं की मी चाचींच्या पाया पडायचाच बाकी होतो.

चाचांनी कोळसा पेटवला. पंखा घुरघुरायला लागला. साठ, शंभर, एकशे सत्तर. मी आकडे वाचत होतो आणि चाचा बाह्या सारत होते. दोनशे चाळीसला आकडा थांबला तेव्हा ते म्हणाले, "आता बघू, तुझा मोबाइल खरा का माझा हात." आणि नेहमीसारखा चार बोटं उंच हात धरून मोजायला लागले. तीन झाले, चार झाले. सहा. सात. "थंड हाय," ते म्हणाले, "तुझं यंत्र खोटं बोलून राहिलंय." आठ, नऊ.

मलाही आधी तसंच वाटलं. सुई बिघडली असणार, आता सलीमला काय सांगू, ही पहिली काळजी. म्हणून खात्री करायला मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात धरला. दोन म्हणायच्या आत चटका बसून मी तो ओढून घेतला. चाचांचा हात तिथंच होता. मी त्यांचं मनगट धरून मागं खेचलं. तळहात लालबुंद झाला होता आणि ते माझ्याकडं, मी असा का ओढतोय म्हणून, बघत होते.

मग त्यांनी तो हात उलटा केला, सुलटा केला. दुसरा हात शेगडीवर नेला, बराच वेळ धरला आणि मीच तो बाजूला केला. ते खाटेवर बसले. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "म्हंजे कोळसा चांगला होता."

आणि चपला घालून ते तडक रघुनाथअण्णांच्या वखारीवर गेले. पुन्हा भांडण होईल या भीतीनं मीही मागोमाग गेलो. अण्णा त्यांना बघून तोंड फिरवायला लागले, तर चाचा म्हणाले, "अण्णा, माल तुझा चांगला होता. हात माझा खराब झाला. जे बोललो ते वापस घेतो." अण्णांना काहीच कळलं नाही. त्यांनी पोत्यावरची धूळ झटकून चाचांना बसायला जागा केली, एवढंच.

परतताना चाचांनी मला रस्त्यात थांबवलं. "सलीमला सांगू नको. घरात बी नको. रविवार होऊ दे. आता तुझं यंत्र हाय की, आकडा तू वाच, सीख मी फिरवतो. सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो." मी हो म्हणालो. त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवलं नाही. पण माझ्या आईला साखर आहे. हातापायाची जाण जाते म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "चाचा, पाय दाखवा एकदा." ते म्हणाले, "पायानं कबाब करतो का मी?" आणि पुढं चालू लागले.

शुक्रवारी सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या फोनला मी दुसऱ्याच फोनचं झाकण लावलं. दम्मामहून सलीमचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर कुणाचा बाप पणाला लावतो, हेच डोक्यात फिरत होतं. दुपारी नमाज पढून चाचा दुकानात आले, रविवारी किती वाजता निघायचं ते ठरवायला. बाहेर चप्पल काढून ते आत आले, बोलत बोलत काउंटरपर्यंत चालले, आणि मी पांढऱ्या फरशीकडं पाहिलं. उंबऱ्यापासून त्यांच्या उजव्या पायापर्यंत लाल ठसे होते.

"चाचा, रक्त," मी म्हणालो.

त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडं. "कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोरच सलीमला फोन लावला. सगळं सांगितलं. चाचा मला अडवू शकले असते. त्यांनी अडवलं नाही, नुसते उभे राहिले, आणि मी बोलत असताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

त्याच दिवशी त्यांना नांदेडला नेलं. तळपायात तारेचा तुकडा होता, डॉक्टरांच्या मते महिनाभर तरी. पायाची दोन बोटं काढावी लागली. दोन दिवस आणखी गेले असते तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी लोह्याला दुसऱ्या कुणीतरी कबाब केले. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा चाचा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी अर्धा तास बसलो. उठताना ते म्हणाले, "हात गेला ते मी सोसलं असतं, पाटील. पण तुला दोन दिवस सबर न्हाई झाला."

घरी आल्यावर चाचांनी टपरी उघडली नाही. काठी टेकत ते माझ्या दुकानासमोरून जायचे, सरळ समोर बघत. मी रोज ठरवायचो की आज उठून जायचं आणि बोलायचं, आणि रोज कुणाचा तरी फोन उघडून बसायचो. मी चूक केली नाही हे मला माहीत होतं. त्यानं काही फरक पडत नव्हता. मला त्या माणसाची सवय होती आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

उन्हाळा लागायच्या सुमारास कळलं की चाचा-चाची कायमचे नांदेडला, मुलीकडं निघालेत. मी निरोपाला गेलो नाही, माझी छातीच झाली नाही. तर सामानानं भरलेली जीप माझ्याच दुकानासमोर थांबली. चाचा काठी धरून उतरले. मी बाहेर धावलो, आणि इतक्या महिन्यांत साठवलेलं एकदम तोंडातून निघालं, "चाचा, मी थांबलो असतो तर..."

"तर पाय गेला असता," ते म्हणाले. "तेवढं समजतं मला. पन वलिमा बी गेला. दोन्ही खरं हाय. आता वाक जरा."

मी वाकलो. डोक्यावर त्यांचा तळहात आला, जड. ते काही पुटपुटले, दुवा असावी. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू, चाचींना ऐकू जाऊ नये असा.

"ठेवला का रे नीट? मला कळत न्हाई."

"ठेवलाय चाचा," मी म्हणालो, आणि चाचींनी जीपमधून हाक मारेपर्यंत मान वर केली नाही.