साधं खातं

महिन्यापूर्वी मधल्या सुट्टीत सायली गावातल्या कारखान्यातला एक कामगार शाळेच्या फाटकाशी आला आणि म्हणाला, "शरदभाऊ गेले, परवा... तुम्हाला कळलंच असेल असं वाटलं." कळलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, आणि त्याला कारण मी होतो, हे आज स्पष्टच लिहितो.

मी कोकणातला मास्तर; शरदभाऊ धुळ्याकडचे, कारखान्यात विजेची दुरुस्ती करायचे. जवळच्या अथाल गावात एका खोलीत आम्ही बारा वर्षं काढली. त्यांची बायको-मुलगी गावी, माझं कोणीच नाही. ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी ते थापायचे, भात मी लावायचो, आणि मी नाक मुरडलं की म्हणायचे, "खाई तं देखा, गुरुजी." पुढे त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली. दोघंही नवशिके. पण भाऊंची शिस्त कारखान्यातली: फाइलला हात लावण्याआधी तिची नक्कल ठेवायची, एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा, आणि रोजचं काम साध्या खात्यातून करायचं, सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं फक्त गरजेपुरतं उघडायचं. मला कुठला एवढा धीर! एका रविवारी ते बाजारात गेले असताना मी मुख्य खात्यातूनच, नक्कल न ठेवता, मशीन सुरू करणारी फाइल बदलली. पुन्हा चालू केलं तर पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरं आली आणि सगळं ठप्प.

भाऊ आले, अशा वेळेसाठी करून ठेवलेली फ्लॉपी घातली आणि पाऊण तासात मशीन उभं केलं. मग मुख्य खात्याचा पासवर्ड बदलून शांतपणे म्हणाले, "तुमच्यासाठी एक साधं खातं काढतो. त्यात हवं ते करून पाहा, काही बिघडणार नाही." झालं! माझं डोकं फिरलं. वीस वर्षं पोरांना शिकवतोय मी, आणि मला साधं? "मी पण साध्याच खात्यात असतो हो," असं ते सांगत राहिले... मी ट्रंक उचलली आणि शाळेजवळ खोली घेतली. तिथं एकट्याचा भात लावताना अंदाज अजून चुकतो, रोज उरतो. कितीदा वाटलं, अथालला जाऊन यावं. पण आधी कोणी बोलायचं, यातच दोन वर्षं गेली. मूर्खपणा, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी ज्योती खोली रिकामी करायला आली आणि तिनं मला बोलावून घेतलं. ती इंजिनिअरिंगला आहे, हे सगळं तिला येतं. कॉम्प्युटर चालू करून, वडिलांच्या खात्यात शिरून तिनं विचारलं, "काका, हे 'गुरुजी' नावाचं खातं तुमचंच ना? आबा म्हणायचे, बाकी काहीही पुसून टाक, याला हात लावू नको." खात्याच्या फोल्डरवर त्याच रविवारची तारीख होती. तिनं एक आज्ञा दिली, तशी इंग्रजीत एक ओळ उमटली: या खात्यात अजून कोणीही आलेलं नाही.

मी खुर्चीत बसलो. त्या खात्याचा पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. मला भाऊंनी सांगितला असता... मी विचारायला गेलो असतो तर.