वाचून न दाखवलेलं पत्रक

रॅलीच्या गाडीत चालकाशेजारी बसून मी पहिल्यांदा नोट्स वाचल्या, तेव्हा पूर्ण वाक्यं वाचली होती. "पुढे उजवीकडे तीव्र वळण असून रस्ता अरुंद आहे," असं मी हेल्मेटमधल्या माईकवर म्हणाले. मी 'असून'पर्यंत पोचले तेव्हा वळण मागे पडलं होतं आणि आम्ही रस्त्याकडेच्या नागलीच्या शेतात उभे होतो. गाडी चालवणारा माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणते. त्याने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि शेताकडे बघत म्हणाला, "अगं, नोट्स वाच. भाषण नको."

माझाही इलाज नव्हता. मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा शाळेत शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. आमच्या गावच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसून नव्या इमारतींना विकलं जायचं, त्याविरुद्ध त्यांनी किती पत्रकं काढली याची मोजदाद नाही. रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशी उभं राहून मी आणि दादा ती वाटायचो. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन, दादा बारा-तेराचा. तो पटापट वाटून मोकळा व्हायचा आणि फाटकाबाहेर लावलेल्या मोटरसायकली बघत बसायचा. मी एकेकाला थांबवून मजकूर समजावून सांगायचे.

बाबांचे पत्रकाबाबतचे नियम कडक होते. एका पानाच्या वर जायचं नाही. मागणी एकच, आणि ती कोणाकडे आहे ते स्पष्ट लिहायचं. खाली नाव घालायचं, नाहीतर ते पत्रक नव्हे, मुतारीच्या भिंतीवरचं लिखाण. आणि ज्याच्या बाजूने लिहिलंय त्याला छापायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवायचं. विहिरींचं पत्रक त्यांनी आमच्या अंगणात वाडीवाल्या बायकांना वाचून दाखवलेलं मला आठवतं. एक काकी मध्येच म्हणाल्या, "मास्तर, पाणी खारट झालं ते लिहिलंत. पण माझा पानमळा जळला, तो कुठाय?" बाबांनी तिथेच खाली बसून पानमळा घातला.

हा शेवटचा नियम मी मोडला. हे सगळं त्याबद्दल आहे.

दादा वसईत एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतो. रोज सकाळपासून त्याच्या डाव्या पायाखाली जादा ब्रेक असतो आणि उजवीकडे कोणीतरी घाबरलेलं माणूस. गाडी ताशी तीसच्या वर जात नाही. वर्षातून चार-पाच वेळा मात्र तो डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर रॅली चालवतो. ती गाडी त्याची नाही. कामणच्या पुढे एका गोदामात एका वाहतूकदाराने हौसेने रॅलीची टीम उभी केली आहे. चार गाड्या, दोन मेकॅनिक. दादाचा हात बघून त्याने त्याला बोलावलं. पहिल्या वर्षी दादाने एक पैसा दिला नाही आणि नॅव्हिगेटर म्हणून मला घेतलं. नॅव्हिगेटरचं काम असं: आदल्या दिवशी रस्ता हळू फिरायचा, चालक सांगेल तसं एकेक वळण वहीत उतरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुसाट असताना ते वाचायचं. प्रत्येक वळणाला एक ते सहा आकडा. एक म्हणजे सर्वांत कठीण. दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये. "उजवा दोन, पन्नास, डावा चार, दगड बाहेर." क्रियापद नाही. मला हे शिकायला एक अख्खा मोसम लागला.

दुसऱ्या वर्षी दादाने त्याची मोटरसायकल विकली. म्हणाला, मायलेज देत नव्हती. मग तो एसटीने जाऊ लागला आणि पहाटे साडेपाचची एक जादा बॅच घेऊ लागला. मी म्हटलं, बरं केलंस, पोट सुटलं होतं तुझं, लवकर उठशील.

यंदा, आमच्या चौथ्या वर्षी, मोसम सुरू व्हायच्या आधी टीमच्या मालकाने सगळ्या चालकांना गोदामात बोलावलं. स्वतः चहा ओतून दिला आणि सांगितलं, "या वर्षापासून ज्याला सीट पाहिजे त्याने सीटचा अर्धा खर्च आणायचा. स्वतःचा आणा, स्पॉन्सर आणा, सासऱ्याकडून आणा. मला एकट्याला झेपत नाही."

चौघांतल्या दोघांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी बांधकामाचे धंदे आहेत. तिसरा म्हणाला की तो विचार करून सांगतो, आणि पुन्हा आला नाही. दादाने विचारलं, "कधीपर्यंत?"

मालक म्हणाला, "महिनाअखेर."

मी पेटले. बाहेर येऊन टीमच्या मेकॅनिकपाशी भडाभडा बोलले. हा मेकॅनिक अर्नाळ्याचा; आधी मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने हात पुसत ऐकून घेतलं.

"आमच्या बोटीवर कसं हाय, बाय," तो म्हणाला, "जो आपलं जालं आनतो त्याला वाटा जास्ती. तुमच्यात जो पैसं आनतो त्याला काय भेटतं?"

"सीट."

"आनि मासली?"

"कप. जिंकला तर."

"कपात काय घालतात?"

"काही नाही. कपाटात ठेवतात."

"मग धंदा काय वाईट न्हाय," तो म्हणाला. "फकस्त कोनाचा ते बघ."

दादा एसटीच्या थांब्याकडे निघाला होता. मी मागून धावत गेले आणि विचारलं, "तू देणार?" तो म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ मी 'नाही' असा घेतला. मला तो तसाच हवा होता.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. एकच पान. मथळा होता: 'स्टिअरिंग विकाऊ आहे का?' त्यात मी म्हटलं होतं की पैसे देऊन गाडीत बसणारा माणूस चालक नसतो, गिऱ्हाईक असतो. जत्रेतल्या पाळण्यातही पैसे देऊनच बसतात. सीट घड्याळाने ठरावी, खिशाने नाही. जो पैसे भरतो तो फक्त स्वतःचा हक्क विकत घेत नाही, दुसऱ्याचा मोडतो. म्हणून प्रत्येक चालकाने पैसे भरायला नकार द्यावा. खाली माझं नाव. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. आजही त्यातल्या बहुतेक वाक्यांवर मी सही करेन.

दादाला दाखवलं नाही. मला वाटलं, त्याच्याच बाजूचं आहे, दाखवायचं काय त्यात. तो लाजून नको म्हणेल, अशीही भीती होती. विरारला झेरॉक्सच्या दुकानात दोनशे प्रती काढल्या आणि रविवारी कामणला घेऊन गेले. त्या दिवशी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात सराव होता आणि आसपासच्या टीमांचीही माणसं आली होती. मी गाडी-गाडीला जाऊन वाटलं. काही जणांनी घडी घालून खिशात ठेवलं, एकाने त्यावर वडापाव ठेवला.

मालकाने मात्र शेवटपर्यंत वाचलं. चष्मा लावून, उन्हात उभं राहून. मग तो माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता, हे मी मान्य केलं पाहिजे.

"ताई, छान लिहिता. टायर मात्र हे वाचून फिरत नाहीत. एका रॅलीत किती टायर जातात, माहितीय ना?"

"माहितीय. म्हणून चालकाला विकायचं का?"

"मी कोणाला विकलं नाही. आणि गिऱ्हाईक म्हणताय कोणाला? तुम्ही ज्या सीटवर बसता, ती गेली दोन वर्षं फुकट नाहीये. नॅव्हिगेटरचे मी तेव्हापासूनच घेतो. सगळ्यांचे घेतो. तुमचे तुमच्या भावाने भरलेत."

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. दादा गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसून नट आवळत होता. त्याने मान वर केली नाही. त्याच्या गुडघ्यावर माझं पत्रक होतं, आणि 'गिऱ्हाईक' या शब्दावर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

मला मोटरसायकल आठवली.

मालक जाता जाता म्हणाला, "याच्यासारखं चालवणारं दुसरं कोणी नाही माझ्याकडे. पण आता बाकीच्यांनी हेच धरून पैसे दिले नाहीत, तर मी टीमच बंद करतो. मग घड्याळाने ठरवा काय ते."

घरी आल्यावर बाबांना पत्रक दिलं. त्यांनी आधी शुद्धलेखन तपासलं, ती त्यांची सवय. मग विचारलं, "मागणी कोणाकडे आहे?"

"चालकांकडे. की त्यांनी पैसे भरू नयेत."

"म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे." त्यांनी कागद उलटून ठेवला. "आणि कोणाला वाचून दाखवलंस?"

ते उठून केळींना पाणी सोडायला गेले. बाबा मला आयुष्यात कधी ओरडलेले नाहीत. ते पाणी सोडायला जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एका शिकाऊ काकूंना राजोडीच्या रस्त्यावर गाडी शिकवत होता. मी वाटेत हात दाखवला आणि मागच्या सीटवर बसले. काकूंनी आरशात बघून विचारलं, "या पण शिकायला?"

"हो," दादा म्हणाला. "क्लच सोडा हळू. नाही, त्याहून हळू."

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बसली नसतीस."

"नसतेच बसले."

"मग? दुसऱ्या कोणाच्या आवाजावर मला उगाच ब्रेक मारावासा वाटतो. तू उजवा दोन म्हणालीस की तो दोनच असतो. काकू, समोर बकरी आहे. बकरी, काकू!" त्याने त्याचा ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. बकरी गेली. "मला त्या आवाजाचे पैसे द्यावेसे वाटले, दिले. त्यात तुझं तत्त्व कुठे मोडलं?"

"तुझ्याकडे होते म्हणून दिलेस. ज्याच्याकडे विकायला मोटरसायकल पण नाही, त्याचं काय? तो तिसरा परत आला का?"

काकूंनी तीनदा गाडी सुरू करायचा प्रयत्न केला.

"नाही आला," तो म्हणाला. "चांगला चालवायचा. ओल्या मातीत माझ्यापेक्षा चांगला. ते लिही. मला गिऱ्हाईक लिहिलंस ते चूक. त्याचं लिहिलं नाहीस, तेही चूक."

काकू म्हणाल्या, "भांडण झालं असेल तर मी गिअर टाकू का?"

त्याच आठवड्यात मी गोदामात जाऊन मालकाला सांगितलं की माझी सीट सोडते. त्याने सांगितलं, विरारच्या एका टॉवरमध्ये राहणारा ऑफिसातला एक माणूस दोन वर्षं नॅव्हिगेटर व्हायला मागे लागला आहे. तो स्वतःचे भरेल आणि दादाच्या अर्ध्यातलाही बराच भाग उचलेल. दादाला उरलेलं जमण्यासारखं होतं. म्हणजे माझी सीट एका गिऱ्हाइकाने घेतली आणि तिच्यामुळे माझ्या भावाची राहिली. मी हे जसं आहे तसं लिहिते आहे. त्यात मला काही उदात्त दिसत नाही. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि मग नोट्सची वही मागायला आला.

दुसरं पत्रक मी त्याला अंगणात वाचून दाखवलं. त्याने नोट्ससारखं तासलं. जिथे मी दोन विशेषणं घातली होती तिथे एकही ठेवलं नाही. पहिल्या ओळीत लिहिलं की आधीच्या पत्रकाच्या लेखिकेची सीट तिच्या भावाने विकत घेतली होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मग त्या तिसऱ्या चालकाची गोष्ट, नावाशिवाय, पण त्याला विचारून; तो आता टेम्पो चालवतो. आणि मागणी एकच, स्पर्धा भरवणाऱ्यांकडे: दर मोसमाआधी एक खुली चाचणी घ्या, आणि तिच्यात सर्वांत कमी वेळ लावणाऱ्याच्या सीटचा खर्च प्रवेश शुल्कातून आणि जाहिरातींतून करा. पैसे भरून चालवणाऱ्यांना चालवू द्या. पण निदान एक सीट अशी ठेवा, जी विकायची नाही.

बाबांनी शुद्धलेखन तपासलं आणि कागद मला परत दिला. पाणी सोडायला गेले नाहीत.

भरवणाऱ्यांनी उत्तर दिलं की सूचनेचा विचार करू. मालकाने पत्रक गोदामाच्या दारावर चिकटवलं आहे. का, ते त्याने सांगितलं नाही.

मोसमातली पहिली रॅली झाली त्या दुपारी दादाचा फोन आला. सातवा आला होता. माझ्यासोबत असताना आम्ही चौथे यायचो, पण ते मी विचारलं नाही.

"नवा माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. मेहनती आहे." मागून गाड्यांचा आवाज येत होता. "पूर्ण वाक्यं वाचतो. म्हणे, कृपया आता उजवीकडे वळावे."

"मग?"

"मग काय. पुन्हा नागली." तो हसला. "रविवारी त्याला घेऊन येतो तुझ्याकडे. शिकव जरा. आणि ऐक, तो तिसरा आला होता बघायला. टेम्पो घेऊन. त्याने तुझं पत्रक मागितलं. माझ्याकडे एकच होतं, ते दिलं."