मन्सूरने पुसलेले डाग

भोरच्या बाजारात मन्सूरचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याचा हात फार साफ. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काही म्हणून शिल्लक ठेवत नाही. गिऱ्हाईक खूश, हाही खूश. घरात मात्र महिनाभर अबोला होता. लेकीच्या, गुलफशाच्या लग्नाचा अल्बम त्याने जीव ओतून केला. बायकोने, बद्रुन्निसाने पहिलं पान पाहिलं आणि तो मिटला तो मिटलाच. काय बिघडलं ते विचारूनही सांगेना.

अशात वेल्ह्याच्या शाळेतल्या सुलक्षणाबाई विज्ञान प्रदर्शनासाठी एक फोटो मोठा करायला देऊन गेल्या. आकाशातली एक दूरची दीर्घिका होती ती. मधे पिवळसर गाभा, त्याभोवती चकलीसारखे वळत गेलेले निळे फाटे. फाट्यांवर गुलाबी ठिपके आणि आतल्या बाजूने काळे ओघळ. मन्सूरने सवयीने ठिपके, ओघळ सगळं पुसून टाकलं आणि वर चहा मागवला.

न्यायला आलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"मन्सूरभाई, पोरांना जे दाखवायचं तेच तुम्ही घालवलंत."

"डाग व्हते, बाई."

"गुलाबी दिसतं तिथं नवे तारे जन्मतात. काळी ती धूळ, तिच्यातूनच पुढचे तारे होणार. अडीच कोटी वर्षं चालून उजेड इथवर आला. डागच काढले, तर तिच्यात काय काय घडलं ते कळणार कशावरून?"

मन्सूर खजील झाला. मूळ फोटो संगणकात होता, तो जसाच्या तसा छापून दिला. बाई गेल्या. मग त्याने संगणकात अल्बमचं पहिलं पान उघडलं. लेकीशेजारी उभ्या बद्रुन्निसाचा डावा गाल कसा नितळ दिसत होता. खरं तर तिथं भाजल्याचा मोठा व्रण आहे. रांगती गुलफशा भडकलेल्या स्टोव्हपाशी गेली, तेव्हा ही मधे पडली होती. तोच व्रण त्याने लेकीच्या लग्नाच्या फोटोतून पुसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

संध्याकाळी त्याने व्रणासकट छापलेलं नवं पान तिच्यापुढे ठेवलं. फोटोतल्या गालावरून तिने बोट फिरवलं.

"आत्ता कुठं मी लेकीच्या लग्नाला आले," ती म्हणाली.