त्या दिवशी गल्लीत एकही तार वाजली नव्हती

कोर्टात मी रोज बोलते, घरीही माझ्या तोंडाला कुलूप नसतं. पण ही एक गोष्ट आजवर तोंडातून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, अम्मीजवळही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून असेल.

मी मिरजेची. आमच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात. घराखालीच आमचा कारखाना — म्हणायचा कारखाना, खोल्या दोनच. तिथे अब्बा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे बडे अब्बा, शेजारी शेजारी बसायचे. अब्बा भोपळे कोरायचे, लाकूड जोडायचे. तारा चढवून सूर लावणं हे बडे अब्बांचं काम. दोघांचा चहा एका किटलीतला. मी वकील होणार असं दहावीत कधीतरी बोलून गेले आणि तेव्हापासून बडे अब्बांनी मला ‘वकीलसाहेब’च करून टाकलं. चहा हवा असला तरी — ‘वकीलसाहेब, तारीख नका देऊ, आत्ताच आणा.’

लॉची प्रवेश परीक्षा त्या वर्षी दोन प्रकारे देता येत होती. पुण्याला केंद्रावर जाऊन, नाहीतर घरून, लॅपटॉपवर. अब्बा म्हणत होते, केंद्रावर जा, मी येतो सोबत. ‘चार पोरांत बसलीस की डोस्कं चालतंय.’ मी हट्टानं घर निवडलं. प्रवासात दमायला होतं, असं कारण दिलं. खरं कारण? — सांगते. तेवढ्यासाठीच तर बसलेय.

घरून परीक्षा म्हणजे खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेरा चालू, माईक चालू. नजर ढळली किंवा आवाज आला की स्क्रीनवर इशारा येतो, आणि इशारे वाढले की पेपरच बंद. हे मी घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, जरा जास्तच. परीक्षेच्या सकाळी बडे अब्बा स्वतः गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन आले. ‘आमच्या पोरीचा पेपर हाय, दुपारपतूर तारा छेडू नका.’ कुणीही नाही म्हटलं नाही. एरवी आमच्याकडे दिवसभर कुठे ना कुठे सूर लावणं चालूच असतं. त्या दिवशी सगळे कारागीर माझ्यासाठी गप्प बसून होते.

आणि मी वर बसले होते — मांडीवर, ओढणीखाली मोबाईल घेऊन. चालू घडामोडी माझ्या कच्च्या होत्या, कायद्याचे प्रश्नही. केंद्रावर मोबाईल दारातच काढून घेतात, म्हणून मला घर हवं होतं. पहिला इशारा आला: नजर स्क्रीनवर ठेवा. ठेवली. मग पुन्हा खाली बघितलं. पुन्हा इशारा. तरी बघितलंच. पेपर बंद झाला.

खाली आले ती रडतच. रडणं मात्र खरं होतं. अब्बांनी विचारलं, काय झालं? आणि मी म्हटलं — तारेचा आवाज आला, त्यांनी पेपर बंद केला.

ठरवून बोलले का? नाही. पण शब्द मागे घ्यायला वेळ होता की नव्हता? होता. भरपूर होता. अब्बांनी वळून पाहिलं. बडे अब्बा तारा चढवलेल्या तंबोऱ्याला फडक्यानं पॉलिश करत बसले होते. ते नुसते हातातल्या फडक्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी ते वर आले. दारातच थांबले. ‘फडकं लागलं असंल तारेला. मला कळलंबी न्हाई बघ. पोरी, तुझं वरीस माझ्यापायी गेलं. माफ कर मला.’ हात जोडले होते त्यांनी. मी काय केलं असेल? मी म्हटलं, ‘असू द्या, बडे अब्बा.’ मोठ्या मनानं म्हटलं. माफ केलं मी त्यांना! आज हे आठवलं की मला माझी किळस येते.

अब्बांनी मात्र माफ केलं नाही. भावाशी बोलणं बंद केलं. कारखान्यात मधोमध प्लायवूड उभं राहिलं, किटल्या दोन झाल्या. शेवटी बडे अब्बा साताऱ्याला मुलाकडे गेले आणि त्याच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसायला लागले. सूर लावणं सुटलं ते सुटलंच.

पुढच्या वर्षी मी दुसरी परीक्षा दिली, सांगलीत, केंद्रावर जाऊन, आणि पास झाले. बडे अब्बा साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले. अब्बा खोलीतून बाहेर आले नाहीत. मी पेढे घेतले, एक खाल्लाही. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. माझी सीट पक्की झाली होती, आता काय जाणार होतं माझं? तरी गप्प बसले. लग्नाकार्यात भेट झाली आणि माझ्या हातात काही वाचायला दिसलं, की ते नातवंडांना दटावायचे — ‘आवाज करू नगा रं, ती वाचतीया.’

गेल्या वर्षी साताऱ्यात बडे अब्बा गेले. दफन करून गाडीनं परत येताना कराड मागे पडलं. मग अब्बा एकदम म्हणाले, ‘मी त्याला मनातनं कवाच माफ केलं हुतं गं. बोललो न्हाई फकस्त. त्याला कळलं असंल का?’

मी म्हटलं, ‘कळलं असेल, अब्बा.’

त्यांनी मान हलवली. चूक भावाची होती आणि माफ करायला आपल्याला उशीर झाला, असंच ते आजही समजतात.